कपात दिसलेला मास्तर

माणूस ओळखायला मला पाच मिनिटं पुरतात. खरं म्हणजे चारच. पाचवं कॉफी निवायला लागतं म्हणून धरते. प्रमाणपत्रं, शिफारसपत्रं, शिक्के हे सगळं ज्यांना नजर नाही त्यांच्यासाठी असतं. मी समोरच्याला सरळ आमची न गाळलेली कॉफी पाजते. त्यानं ती प्यायली, कप बशीवर उपडा घातला आणि गाळ सुकला, की मी कप उचलून आत बघते. आत त्या माणसाचा सगळा बायोडेटा असतो! सर्बियातल्या आमच्या पिरोतमध्ये माझ्या या नजरेचा दबदबा आहे. दोन लग्नं मी मोडलीत, एक जुळवलंय, आणि शेजारच्या योर्दाननं माझ्या सांगण्यावरून गाय विकली. ती आठवड्याभरात मेली, पण नव्या मालकाच्या गोठ्यात.

हे अशासाठी सांगतेय की आमच्या 'चिमणी' ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मास्तराची जागा रिकामी झाली, तेव्हा मी अर्ज का मागवले नाहीत, हे तुमच्या लक्षात यावं.

स्कूल माझ्या वडिलांनी काढलं. फाटकावरची पाटी त्यांनी स्वतः रंगवलेली, चिमणीला चोचीऐवजी शिट्टी काढलेली. वाहतुकीचा एकेक नियम मला लहानपणापासून पाठ आहे. आता गाडीचं तेलपाणी, विमा आणि कागद माझा नवरा सावा बघतो. माणसं मी बघते. गाडी एक, मास्तर एक, आणि तो मास्तर झिका ईस्टर झाल्या झाल्या दुखरे गुडघे घेऊन निश शहरात मुलीकडे निघून गेला. सावा म्हणाला, पेपरात जाहिरात देऊ, चार जण येतील, त्यांचे परवाने तपासू. मी म्हटलं, तू विमा बघ.

दुसऱ्याच दिवशी आमचा कूम मिलुतिन दारात हजर. आता कूम म्हणजे काय हे आमच्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही, पण तुमच्यासाठी सांगते. लग्नात साक्षीला उभा राहिला तो कूम, पोरांचं बारसं केलं तो कूम. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कूमाशी नाही. आणि कूमानं घरी आणलेल्या माणसाकडे कागद मागणं म्हणजे कूमाच्या तोंडावर त्याला खोटं पाडणं. तर आमच्या कूमानं बरोबर एक माणूस आणला होता. पन्नाशी उलटलेला, बारीक, इस्त्रीचा शर्ट, मिशा कातरलेल्या.

"हा माझा मामेभाऊ बोगोसाव," कूम म्हणाला. "माणूस सोनं आहे. तुझ्याकडे काही काम असेल तर बघ."

मी रीतीप्रमाणे आधी आलुबुखाऱ्याच्या मुरंब्याचा चमचा आणि पाणी पुढे केलं, मग कॉफी ठेवली. बोगोसावनं कॉफी बेतानं प्यायली, कप नीट उपडा घातला आणि म्हणाला, "देसांकाबाई, खरं म्हणजे मी..."

मी ओठांवर बोट ठेवलं. गाळ सुकत असताना बोललं की चित्र बिघडतं. बिचारा गप्प बसला. कूमही गप्प बसला. मग मी कप उचलला, आणि काय सांगू! कपाच्या तळापासून काठापर्यंत लांबच लांब रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाशी गोल गोल चाक. इतका स्वच्छ कप मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. वडील असते तर त्यांनी तो फ्रेम करून लावला असता.

"उद्या सकाळी आठला या," मी म्हटलं आणि गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

बोगोसावनं किल्लीकडे पाहिलं, कूमाकडे पाहिलं, परत किल्लीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. मला वाटलं, कृतज्ञता.

सावानं रात्रीच्या जेवणाला एकच विचारलं, परवान्याची प्रत कुठाय. मी म्हटलं, सोमवारी आणतील. त्यानंतर दर सोमवारी तो विचारायचा आणि मी पुढचा सोमवार सांगायचे. असे बावीस सोमवार गेले.

मास्तर म्हणून बोगोसाव काय चीज निघाला म्हणता! पहिली गोष्ट, माणूस कामावर रोज पायी यायचा. पिरोतमध्ये पायी येणाऱ्याबद्दल आदर वाढतो. काटकसरीसाठी आमची साऱ्या सर्बियात थट्टा होते आणि आम्हाला तिचा अभिमान आहे. दुसरी गोष्ट, संध्याकाळी शेवटच्या विद्यार्थ्याला तो स्वतःच्या घरापर्यंत गाडी चालवायला लावायचा आणि तिथून एकट्यालाच परत पाठवायचा. हे मात्र नियमात बसत नाही, असं सावा कुरकुरला. मी म्हटलं, याला म्हणतात जादा सराव. तिसरी गोष्ट, गाडी सुरू होण्याआधी तो तीनदा छातीवर क्रॉसची खूण करायचा, मग विद्यार्थीही करायचे, आणि आमच्या गाडीतून अशी भक्ती ओसंडायची की कोपऱ्यावरच्या चर्चचे पाद्री तिला पाहून आशीर्वादाला हात वर करायचे.

झिका शिकवताना दर दोन मिनिटांनी विद्यार्थ्याला उठवून स्वतः स्टीअरिंगच्या चाकावर बसायचा आणि "हे बघ, असं" म्हणून दाखवायचा. बोगोसावनं पाच महिन्यांत एकदाही चाकाला हात लावला नाही. मी गावात सांगत सुटले, ही आधुनिक पद्धत आहे, विद्यार्थ्याला स्वतःचं स्वतः शिकू देतात. मास्तराच्या बाजूला ब्रेकचं एक जादा पेडल असतं, तेवढं मात्र तो वापरायचा. झिकाच्या काळात ते गंजून गेलं होतं. बोगोसावच्या काळात त्याचं रबर दोनदा बदललं.

आणि निकाल? पहिल्या महिन्यात सहा जण परीक्षेला बसले, सहाही पास. पुढच्या महिन्यात आठ, आठही पास. यागोदा नावाची एक विधवा बाई आहे, अडुसष्ट वर्षांची. झिकाच्या हाताखाली ती सात वेळा नापास झाली होती आणि आठव्यांदा परीक्षकच तिला पाहून आजारी पडला होता. ती बोगोसावकडे शिकली आणि पहिल्या फटक्यात पास झाली! तेव्हापासून दर गुरुवारी ती मास्तरांसाठी चीजचे थर घातलेली गिबानित्सा घेऊन यायची. निश, दिमित्रोवग्राद, कुठून कुठून पोरं यायला लागली. मी रांगेतल्या प्रत्येकाला कॉफी पाजून तो कप दाखवत होते. हो, बोगोसावचा कप मी धुतला नव्हता. ऑफिसच्या कपाटात, जिथे इतर ठिकाणी माणसांच्या फायली असतात, तिथे तो रुमालावर ठेवला होता.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी एक उंच बाई ऑफिसात आल्या. हातात जाड फाइल. परिवहन खात्याच्या तपासनीस, नाव नेवेंका. मी उठून मुरंब्याची बशी पुढे केली. त्या म्हणाल्या, नको. कॉफी ठेवते म्हटलं. त्या म्हणाल्या, कॉफीही नको. आमच्याकडे कॉफी नाकारणारा माणूस फक्त वाईट बातमी घेऊन येतो.

"पाच महिन्यांत एकोणचाळीस जण परीक्षेला बसले," बाई फाइलमधून वाचत म्हणाल्या. "एकोणचाळीसही पास, एकही नापास नाही. सगळ्या जिल्ह्यात असं कुठंच होत नाही. दोनच शक्यता आहेत. एक म्हणजे तुमचा मास्तर चमत्कार करतो. दुसरी, तुम्ही परीक्षकांना काहीतरी देता. मी चमत्कारांच्या खात्यात नाही."

लाच! माझ्या वडिलांच्या स्कूलवर! बाई शांतपणे सांगत होत्या की समाधानकारक खुलासा झाला नाही तर आजच पाटी उतरेल, प्रकरण कोर्टात जाईल, आणि कागदांवर सह्या सावाच्या असल्यामुळे पहिलं बोलावणं त्याला येईल. सावाच्या हातातून पेन पडलं. तीस वर्षांत या माणसानं कधी लाल दिवा तोडला नाही, रिकाम्या रस्त्यावरसुद्धा. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, पण मी मान ताठ ठेवून म्हटलं, "पहिली शक्यता आहे, बाई. मास्तर अंगणात आहेत. प्रत्यक्ष बघा."

आम्ही अंगणात आलो. त्या दिवसांत घरोघरी हिवाळ्याची बेगमी चालते आणि सगळं पिरोत भाजलेल्या मिरच्यांच्या वासात बुडालेलं असतं. आमच्याही भिंतीपलीकडे धूर निघत होता. त्याच वेळी योर्दान ट्रॅक्टर घेऊन आला, मागे ट्रॉलीत लाल मिरच्यांच्या गोणी. गल्ली अरुंद, आणि आमची पांढरी गाडी फाटकात आडवी. योर्दाननं भोंगा वाजवला.

"मास्तर, घ्या जरा बाजूला," नेवेंकाबाई म्हणाल्या. "बघू तरी."

बोगोसाव गाडीकडे चालत गेला. आमच्याकडे चाक डावीकडे असतं. त्यानं उजवीकडचं दार उघडलं, नेहमीप्रमाणे मास्तराच्या जागेवर बसला, पट्टा लावला, तीनदा क्रॉस केला आणि समोर बघत राहिला.

आम्ही वाट बघत होतो. तोही वाट बघत होता. योर्दाननं पुन्हा भोंगा वाजवला.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, आधुनिक पद्धत आहे, आधी मन शांत करतात. बाईंनी घड्याळात पाहिलं. मी लगबगीनं जाऊन खिडकीशी वाकले.

"बोगोसाव, इकडून बसा ना, चाकाकडून."

"तिकडे मी कधी बसलो नाही, देसांकाबाई."

"म्हणजे आज?"

"आज नाही, काल नाही. कुठल्याच गाडीत नाही." त्याच्या कपाळावर घाम होता. "मी पंचवीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो. तुमच्याकडे नाव नोंदवायच्या टेबलावर काम मिळेल का, एवढं विचारायला आलो होतो."

"अहो, मग पाच महिने सांगितलं का नाही?"

"पहिल्याच दिवशी सांगायला लागलो होतो. तुम्ही बोट दाखवून गप्प बसवलंत. मग किल्ली दिलीत. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारेल. पण कोणी विचारलंच नाही. मग पोरं पास व्हायला लागली. मग गिबानित्सा यायला लागली." तो खाली बघत म्हणाला, "तुमच्या कूमाची मान खाली गेली असती हो."

मागून नेवेंकाबाईंचा आवाज आला, गाडीत बिघाड आहे का. खरं सांगते, 'हो' माझ्या जिभेच्या टोकावर होतं. हो म्हटलं असतं तर गाडी ढकलून बाजूला घेतली असती, माझी नजर आणि माझा दबदबा शाबूत राहिला असता. पण मग एकोणचाळीस पास झालेल्यांचा खुलासा काय देणार होते? समोर माझा नवरा उभा होता, पांढराफटक, खिशातला रुमाल शोधत. त्या क्षणी मला स्वच्छ कळलं की संध्याकाळपर्यंत एकतर आम्ही चोर ठरणार किंवा मी मूर्ख ठरणार, आणि निवड माझ्या हातात आहे.

"बाई," मी म्हटलं, "आम्ही कोणाला काही दिलेलं नाही. आमच्या मास्तराला गाडी चालवता येत नाही."

योर्दाननं ट्रॅक्टरचं इंजिन बंद केलं. त्याला पुढचं ऐकायचं होतं.

त्यानं मिरच्यांची एक गोण खाली उतरवली, नेवेंकाबाई तिच्यावर बसल्या. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं: कूम, कॉफी, गाळ, रस्ता, चाक. त्यांनी मास्तराची फाइल मागितली. मी आत जाऊन तो कप रुमालासकट आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कप परत रुमालात गुंडाळला.

"अठरा वर्षं मी तपासण्या करतेय," त्या म्हणाल्या. "लोक काय काय थापा मारतात. पण इतकी लाजिरवाणी थाप कोणी स्वतःबद्दल मारणार नाही. तरी मला कळलं पाहिजे, पोरं पास कशी होतात."

तेवढ्यात यागोदाबाई गिबानित्साचा तवा घेऊन आल्या. गुरुवार होता ना! नेवेंकाबाईंनी त्यांनाच चाकावर बसवलं, बोगोसाव उजवीकडे, आणि मागे त्या आणि मी, मांडीवर गरम तवा. गाडी फाटकातून निघाली, नदीकडे वळली, आणि बोगोसाव बोलू लागला.

"हळू, यागोदा. डावीकडे निळं दार आहे, तिथे लेपा राहते, तिला ऐकू येत नाही आणि ती रस्त्यावर पाणी टाकायला एकदम बाहेर येते. आली बघ. थांब. आता जा. पुढच्या वळणावर स्तोयानची तीन पोरं, मधला चेंडूमागे धावतो. पाय काढ. अजून काढ. देवा रे. हं. आता पूल, पुलावर व्लादा सायकल घेऊन उभा असतो, त्याला एका बाजूचं दिसत नाही, त्याच्या दुसऱ्या बाजूनं जा."

पंचवीस वर्षं त्यानं ही माणसं बसमध्ये चढवली होती, उतरवली होती. कोणत्या दारामागे कोण आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि त्या प्रत्येकासाठी तो मनापासून घाबरत होता. एका हातानं त्यानं दाराची मूठ इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. अशा माणसाशेजारी बसून जोरात गाडी चालवायला छातीत काळजाऐवजी दगड लागेल. झिकानं सगळ्यांना गाडी चालवायला शिकवलं होतं. समोर माणूस आहे हे शिकवायचं राहून गेलं होतं. मला मागच्या सीटवर एकदम भरून आलं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

कोपऱ्यावरून एक ट्रक वेगात आला. बोगोसावचा पाय पेडलवर पडला, गाडी जागच्या जागी थांबली, आणि गिबानित्सा तव्यातून उडून नेवेंकाबाईंच्या फाइलवर बसली. अख्खी, न तुटता.

परत येईपर्यंत फाइलला तूप सुटलं होतं, आणि बाईंनी दोन तुकडे खाल्ले होते. अंगणात त्यांनी स्वतःहून कॉफी मागितली. मी ठेवली. कप उपडा घालायचं मी सुचवलं नाही, तेवढी अक्कल तोपर्यंत आली होती.

त्यांनी निर्णय सांगितला. लाचेचा आरोप रद्द. पाटी राहील. परवानाधारक मास्तर मिळेपर्यंत गाडी बंद, आणि दंड भरायचा. बोगोसावनं गाडीत शिकवायचं नाही. पण वर्गात बसून बोलायला कायद्यात मनाई नाही, आणि त्यानं बोलावंच, असं त्या म्हणाल्या. सावानं इतका मोठा सुस्कारा सोडला की भिंतीपलीकडचा धूर हलला. बोगोसाव नाव नोंदवायच्या टेबलापाशी गेला, खुर्चीवर बसून बघितलं, उठला, पुन्हा बसला. योर्दाननं टाळ्या वाजवल्या. कूमाला फोन गेला, तो मिरच्या तशाच विस्तवावर टाकून धावत आला आणि सगळ्यांच्या गळ्यात पडला, नेवेंकाबाईंच्यासुद्धा.

"शेवटचं एक काम," त्या कूमाच्या मिठीतून सुटत म्हणाल्या. "यापुढे तुमच्याकडे विश्वासावर काही चालणार नाही. स्कूल चालवणाऱ्या सगळ्यांचे गाडी चालवायचे परवाने बघते."

सावानं पाकिटातून आपला परवाना काढला. बाईंनी नंबर उतरवून घेतला.

"आणि तुमचा, देसांकाबाई?"

मी कॉफीचे कप गोळा करायला लागले.

काय सांगायचं? मी बारा वर्षांची असल्यापासून त्या ऑफिसात बसतेय. आधी लहान होते म्हणून शिकले नाही, मग कामात होते म्हणून, मग हजारभर लोकांना 'अगदी सोपं असतं हो' असं सांगून झाल्यावर कुठल्या तोंडानं शिकणार? मालकिणीला परवाना आहे का, हे इतक्या वर्षांत कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सावा माझ्याकडे बघत राहिला. "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, तुला उजवीकडे बसायला आवडतं."

नेवेंकाबाईंनी तूप लागलेल्या फाइलवर माझं नाव लिहिलं आणि पुढे सहा महिन्यांची मुदत टाकली.

तर मंडळी, आता आमच्याकडे नवा मास्तर आहे. त्याला ठेवण्याआधी मी परवाना पाहिला, मूळ आणि प्रत. तीन जुन्या मालकांना फोन केले. आणि त्याला स्वतःला चाकावर बसवून पुलापर्यंत जाऊन यायला लावलं. कॉफी दिली, पण सगळं झाल्यावर. बोगोसाव वर्गात शिकवतो, खिडकीत उभं राहून लोक ऐकतात. शिवाय तो गाडी शिकला आणि पहिल्या फटक्यात पासही झाला. माझा तुम्हाला कळकळीचा सल्ला आहे: माणूस कामावर ठेवताना संकोच करू नका. परवाना विचारा, आधी कुठे होता विचारा, काय येतं विचारा, काय येत नाही तेही विचारा. कूमानं आणला असला तरी विचारा.

फक्त सहा महिन्यांची ती मुदत संपल्यावर माझं काय झालं, आणि ती आतापर्यंत किती वेळा वाढवून घेतली, एवढं मात्र कोणी विचारू नका.